जपून ठेवण्याजोगी भीती

तरुणांसमोरच्या व्याख्यानांत अलीकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: भीती हा मनाचा खेळ आहे, ती टाकून द्या आणि मन सांगेल ते करा. आता या उपदेशाला पर्यावरणाचीही जोड मिळाली आहे. नदीवर लघुपट करा, जंगलावर लिहा, नोकरी सोडून मातीकडे जा. तुम्हाला अडवते ती फक्त तुमची भीती. बोलणारे मनापासून बोलतात आणि ऐकणारी मुले भारावून घरी जातात, यात मला शंका नाही. तरीही हा उपदेश मला उथळ वाटतो, आणि नुसता उथळ असता तर त्यावर लिहिले नसते. ज्याला निसर्गाच्या बाजूने उभे राहून काही अस्सल निर्माण करायचे आहे, त्याच्या हातातले सर्वांत उपयोगी हत्यारच तो काढून घेतो.

पर्यावरणावर लिहिणे म्हणजे विकासाला विरोध, हा आक्षेप आळशी आहे. तो बाजूला ठेवू. लिहून काय होते, असे विचारणाऱ्यांना १९६२ मध्ये आलेल्या एका पुस्तकानंतरच्या दहा वर्षांचा अमेरिकी इतिहास पुरेसे उत्तर देतो. ‘भीती टाका’ म्हणणाऱ्यांशी मात्र सविस्तर भांडले पाहिजे, कारण ते आपल्याच बाजूचे आहेत आणि आपलीच मुले त्यांचे ऐकतात.

त्यांचे आवडते उदाहरण रेचल कार्सन यांचे. एकटी स्त्री, समोर बलाढ्य रसायन उद्योग, हातात फक्त लेखणी. तिने भीतीवर मात केली, ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिले आणि जग बदलले. या गोष्टीतून काय गाळले जाते ते पाहा. डीडीटी या कीटकनाशकाबद्दलची शंका कार्सन यांना १९४५ मध्येच होती. त्यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’ला त्यावर लेख सुचवला आणि मासिकाने तो नाकारला. त्यानंतर १३ वर्षे त्या समुद्रावर लिहीत राहिल्या. १९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या एका परिचित बाईंचे पत्र आले: डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि त्यांच्या पक्षी-आश्रयस्थानात पाखरे मरून पडली. तेव्हाही कार्सन यांनी लगेच लेखणी उचलली नाही. फवारणीविरुद्ध लाँग आयलंडच्या रहिवाशांनी न्यायालयात खटला भरला होता. त्यावर तुम्ही लिहा, असे त्यांनी ‘न्यूयॉर्कर’चे लेखक ई. बी. व्हाइट यांना सुचवले. व्हाइट यांनी ते काम त्यांच्याकडेच परत पाठवले.

जिला भीतीची विजेती म्हणून मुलांपुढे उभे केले जाते, तिने आधी हे काम दुसऱ्या कुणी करावे म्हणून प्रयत्न केला होता. याचा अर्थ ती भित्री होती असा नाही. आपल्याला काय गमवावे लागेल याचा नेमका हिशेब तिच्याकडे होता, एवढाच त्याचा अर्थ. पहिले पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये आले, पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पुस्तक विसरले गेले. ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने मात्र १९५१ मध्ये कीर्ती दिली, पैसा दिला, सरकारी नोकरी सोडण्याची मोकळीक दिली. समुद्राची कवयित्री म्हणून वाचक त्यांच्यावर प्रेम करत होते. घरात म्हातारी आई होती आणि भाचीच्या अकाली मृत्यूनंतर दत्तक घेतलेला तिचा लहान मुलगा होता. कमावते हात फक्त त्यांचे. अशा बाईला ‘भीती मनात असते’ असे सांगायला गेलो असतो, तर तिने ते काय ऐकून घेतले असते?

भीती खोटी होती का, हेही तपासू. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९६२ च्या उन्हाळ्यात ‘न्यूयॉर्कर’मध्ये पुस्तकाचे भाग छापून आले, तेव्हा वेल्सिकॉल या कीटकनाशक कंपनीने प्रकाशकाला पत्र पाठवून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. पुस्तक निघाल्यावर उद्योगाने प्रचाराची मोहीमच उघडली. त्यांना ज्याची भीती वाटत होती ते सारे घडले. आणि आपल्याकडे? तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार उघड करत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. या राज्यात उभे राहून भीती काल्पनिक असल्याचे सांगणे मला अनादराचे वाटते.

आता निर्भय कोण होते ते पाहू. १९५७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जिप्सी पतंगाचा नायनाट करण्यासाठी लाखो एकरांवर विमानांतून इंधन तेलात मिसळलेले डीडीटी फवारले. त्यात जंगले होती तशी घरे, बागा, गोठे, तळीही होती. त्याच सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांत एका मुंगीच्या बंदोबस्तासाठी २ कोटी एकरांवर डील्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकण्याची योजना आखली गेली. हे करणारे अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांच्यापाशी ध्येय होते, उत्साह होता, आत्मविश्वास होता. भीती तेवढी नव्हती. आपण चुकत असू तर काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. निर्भयता हाच सद्गुण असेल तर त्या काळातले सर्वांत सद्गुणी लोक विमानात बसले होते, असे म्हणावे लागेल.

म्हणून मी एक भेद करतो आणि सगळे त्यावरच उभे आहे असे मानतो. काम हाती घेणाऱ्या माणसाला दोन भीती वाटतात. एक स्वतःपुरती: माझे काय होईल, लोक काय म्हणतील, नोकरी राहील का, हसे तर होणार नाही? दुसरी कामाबद्दलची: मी म्हणतो ते खरे आहे का, माझ्या चुकीने कुणाचे नुकसान होईल का, ज्या नदीच्या बाजूने मी बोलतो आहे तिचाच दावा माझ्यामुळे दुबळा होईल का? मनात त्या सरमिसळ होऊन येतात, त्यामुळे एकच वाटतात. प्रत्यक्षात पहिलीच्या प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर नसते. दुसरीच्या प्रश्नांना असते. ते ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, शेताच्या बांधावर किंवा जाणकाराला विचारून सापडते. पहिली भीती माणसाला सबबींकडे नेते, दुसरी पुराव्याकडे.

‘सायलेंट स्प्रिंग’ हे या दुसऱ्या भीतीतून घडलेले पुस्तक आहे. त्याच्या नावातली शांतता कुठून आली ते पाहिले तरी पटेल. एल्मच्या झाडांचा रोग थांबवण्यासाठी डीडीटी फवारले गेले. पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली. विष गांडुळांत साठले. पुढच्या वसंतात रॉबिन पक्ष्यांनी गांडुळे खाल्ली आणि ते तडफडून मेले. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात पक्षी वर्षागणिक कसे कमी झाले याची नोंद तिथल्या प्राध्यापकांनी ठेवली होती, गांडुळांचा दुवा इलिनॉयच्या संशोधकाने जुळवला होता. या साखळीतली एक कडी चुकीची निघाली असती तर ते सुंदर शीर्षक कोसळले असते. म्हणजे पुस्तकातली कल्पकताच पडताळणीवर उभी होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे सर्जन आणि तपासणी हे दोन स्वभाव मानले जातात: कवीने तपासू नये, तपासणाऱ्याने कविता करू नये. कार्सन यांचे पहिले प्रकरण ही एका काल्पनिक गावाची कथा आहे. पण असे एकच गाव अस्तित्वात नाही, यातली प्रत्येक आपत्ती मात्र कुठे ना कुठे घडलेली आहे, हे त्या त्याच प्रकरणात सांगून टाकतात. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची ५० हून अधिक पाने आहेत. ठरलेली मुदत उलटत गेली, छोट्या पुस्तकाचे चार वर्षांचे काम झाले. प्रकरणे त्या-त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतली गेली. निर्भय माणसाने एवढे कष्ट कशाला घेतले असते?

आजाराबाबतही तेच. त्यांनी तो जगापासून लपवला. सहानुभूती नको म्हणून थोडे असेल. पण मुख्य कारण असे की पुस्तकात रसायनांचा कर्करोगाशी असलेला संबंध मांडला होता, आणि लेखिकाच रुग्ण आहे हे कळल्यावर विरोधकांनी सारा पुरावा एका आजारी बाईचा आकस म्हणून उडवून लावला असता. स्वतःपुरती भीती माणसाला आजार सांगून आधार मागायला लावते. कामाची भीती त्यांना गप्प ठेवत होती. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या मुद्द्यांना बहुतांशी दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी आली ती १९७२ मध्ये. (त्यांच्यामुळे मलेरियाचे बळी गेले असे म्हणणाऱ्यांनी पुस्तक वाचावे, रोगराईविरुद्ध रसायन कधीच वापरू नका, असे त्यात कुठेही नाही.)

हे सारे दूरचे वाटत असेल तर यवतमाळ आठवा. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, वाऱ्याने उलटून येणारे तुषार. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे अतिविषारी. तो त्रिकोण घाबरवण्यासाठीच छापलेला असतो. भीती हे तिथे ज्ञान असते. ते ज्ञान मजुरापर्यंत पोहोचले नाही, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचले त्याला रोजंदारी बुडण्याची भीती अधिक जवळची होती. या माणसाला कोण सांगणार की भीती सोड? आणि त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहराला? कृषी सेवा केंद्रांच्या जाहिराती बंद होतील ही त्याची भीती अगदी खरी असते.

इथे माझ्या भेदाचा उपयोग दिसतो. स्वतःपुरती भीती इतरांना वाटून घेता येते. कार्सन यांची वाटून घेतली गेली: ‘न्यूयॉर्कर’चे संपादक विल्यम शॉन पाठीशी उभे राहिले, प्रकाशकाने स्वतंत्र विषतज्ज्ञाकडून मजकूर तपासून घेतला आणि कंपनीच्या पत्रानंतरही छपाई थांबवली नाही, डोरोथी फ्रीमन या मैत्रिणीला त्या मनातले लिहीत राहिल्या. कामाची भीती मात्र वाटून घेता येत नाही. तज्ज्ञ वाचतील, संपादक शंका काढतील, पण हे विधान मी का करतो आहे याचे उत्तर लिहिणाऱ्यालाच द्यावे लागते. आपण नेमके उलट करतो. जी भीती समाजाने उचलायची ती तरुणाच्या एकट्याच्या मनावर टाकतो आणि त्याला मनाचे व्यायाम सांगतो. जी त्याने आयुष्यभर जपायची ती फेकून दे म्हणतो.

भीतीने हातपाय गळालेल्या मुलाला धीर देणे गैर आहे, असे मी म्हणत नाही. काही जणांची कामाची भीतीही आजारासारखी वाढते आणि पहिले पान कधी पुरे होत नाही, हेही खरे. पण अशा मुलालाही तुझे लिखाण मी वाचतो, चूक दाखवतो, छापल्यावर तुझ्यासोबत उभा राहतो, असे म्हणणारा माणूस लागतो. टाळ्यांच्या गजरात भीती सोडण्याची शपथ घेऊन तो कुठेच पोहोचत नाही. पोहोचलाच तर अर्धवट माहितीचा एखादा व्हिडिओ करतो, त्यातली एक चूक प्रतिपक्ष उचलतो, आणि मग गावकऱ्यांची खरी तक्रारही खोटी ठरते.

म्हणून माझी विनंती व्याख्यात्यांना नाही. संपादकांना, प्रकाशकांना आणि दिवाळी अंक काढणाऱ्यांना आहे. तुमच्याकडे नदीवर, खाणीवर, फवारणीवर लिहू पाहणारा तरुण आला तर त्याला धाडसाबद्दल शाबासकी देऊ नका. त्याचा मजकूर विषयाच्या जाणकाराला दाखवा, छापण्याआधी वकिलाला वाचायला द्या, मानधन वेळेवर द्या, आणि नोटीस आली तर ती संस्थेच्या नावावर घ्या.