दोन टिंबांच्या मध्ये

गणपतीला पुतण्या पुण्याहून घरी आला आणि जेवणे उरकल्यावर म्हणाला, "काका, चला, तुमची सहल तुम्हाला परत करून आणतो."

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सहाजण मोटार करून चंद्रपूर-गडचिरोलीची जंगले पाहून आलो होतो. पुतण्याला तेव्हा रजा मिळाली नव्हती. मला वाटले, आमचे फोटो एकत्र करून दाखवील. त्याने दाखवला तो नकाशा. आमच्या हिंगणघाटपासून एक तांबडी रेघ निघाली, वरोरा, भद्रावती करीत चंद्रपूरला पोचली, मूलवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरली आणि थेट खाली भामरागडला जाऊन थबकली. रेघेवर जागोजाग टिंबे. टिंबावर बोट ठेवले की तिथला फोटो उघडे. आई चष्मा लावून पुढे सरकली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठीचा मास्तर. कथा-कादंबऱ्या लिहितो, त्यात माणसांना हव्या त्या गावी नेतो. पण ही विद्या मला नवी होती. फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात म्हणे त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहिलेली असते. फोटो वेळेनुसार ओळीने लावायचे, एकामागून एक टिंबे जोडायची, की झाली रेघ. वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेले फोटो मात्र बिनपत्त्याचे निघाले. पाठवताना तो पत्ता वाटेतच गळून पडतो. आणि भावाच्या जुन्या कॅमेऱ्याने तर गंमतच केली. त्याला जागा कळत नाही, फक्त घड्याळ कळते. म्हणून त्या वेळी फोन कुठे होता ते पाहून त्याचे फोटो बसवावे लागतात. ते घड्याळ चाळीस मिनिटे मागे. त्यामुळे मार्कंड्याची सगळी देवळे नदीकाठ सोडून चामोर्शीच्या रस्त्यावर येऊन बसली! पुतण्याने चाळीस मिनिटे मिळवली, तशी ती मुकाट्याने वैनगंगेकाठी परत गेली.

हिंगणघाटाला नकाशाचे अप्रूप नसावे. हिंदुस्थानची जमीन त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत मोजणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली इथेच वारला. त्याची कबर आमच्या गावात आहे. १८०२ साली मद्रासेपाशी त्याने ते काम आरंभले होते. मधली राने त्यालाही सरळ रेघेनेच ओलांडावी लागली. पण ती रेघ नजरेची आहे, चाललेल्या वाटेची नव्हे, हे तो पुरते जाणून होता. आम्ही मात्र त्या तांबड्या रेघेला "आपला रस्ता" म्हणत होतो.

पहिली तक्रार बायकोने केली. "अहो, आमची वाघीण कुठाय?" ताडोब्यात मोहर्लीच्या फाटकातून आत जाताना आमचे फोन ठेवून घेतले होते. मला ते पटलेही होते. फोटोतला पत्ता जसा हौशी माणसाला वाचता येतो तसा शिकाऱ्यालाही येतो. त्या सकाळी वाघीण आमच्यासमोरून रस्ता ओलांडून गेली. सबंध सहलीत आम्ही सहाजणांनी एकदम श्वास रोखला तो तेवढाच. नकाशावर मात्र पहाटे फाटकाशी एक टिंब आणि दहा वाजता तिथेच दुसरे. पुतण्या हसून म्हणाला, "नकाशाच्या मते तुम्ही चार तास फाटकाशीच उभे होता."

सगळे हसले. मीही हसलो. मग रेघ आलापल्लीच्या पुढे गेली.

आलापल्लीपलीकडे जुन्या सागवानाचा एक राखलेला तुकडा आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. तिथे एका सागाला आम्ही कवेत घेत होतो, चौघांच्या हातांतही तो मावेना. त्या फोटोवर वेळ ४ वाजून ४५ मिनिटे. पुढचे टिंब एकदम भामरागडला, चहाच्या टपरीवर, दिव्याच्या उजेडात. मधली रेघ पट्टीने आखावी तशी सरळ, रस्ता सोडून रानातून गेलेली.

"काका, इथे एवढ्यात काही बघण्यासारखं नव्हतं का?"

"नाही रे," मी म्हणालो, "जंगलच होतं नुसतं."

घरातले कुणी काही बोलले नाही.

तिथे एक माणूस होता. दिवस मावळला होता. कडेला एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती आणि तिच्यापुढे उभा राहून तो हात करीत होता. पोराची मान एका बाजूला कलली होती. गाडीवान चंद्रपूरचा, त्याने वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिले. "थांबू का जी, गुरुजी?"

गाडी भरलेली होती. अंधार पडत होता. बरोबर म्हातारी आई, तरणी मुलगी. या मुलखाविषयी आजवर ऐकलेले सारे माझ्या मनात एकदम जागे झाले. मागचे सामान मांडीवर घेतले असते तर तिघांपुरती जागा झाली असती, हा हिशेब मला त्याच क्षणी सुचला होता, हे मी लपवीत नाही.

"चला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हेमलकशाला गेलो. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथल्या दवाखान्यात दूरदूरच्या पाड्यांतून माडिया माणसे येतात. हेमलकसा भामरागडच्या अलीकडेच आहे. म्हणजे आदल्या संध्याकाळी आमची मोटार त्यावरूनच गेली होती. ती माणसे तिथेच निघाली होती की आणखी कुठे, मला ठाऊक नाही. मी आवारात बसलेल्या प्रत्येक बाईच्या मांडीकडे पाहिले. पण चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता, ओळखणार काय? त्या आवारातला माझा एक फोटो आहे. त्याच्याखाली टिंबही अगदी अचूक पडले आहे.

लहानपणी आई सांगे, चित्रगुप्त सगळे लिहून ठेवतो. त्या धाकाने पुष्कळ कैऱ्या झाडावरच राहिल्या. पुतण्या उपग्रहांविषयी बोलू लागला तेव्हा मला वाटले, हा नवा चित्रगुप्तच की. पण त्याने समजावून दिले ते निराळेच. सुमारे २०,००० किलोमीटर उंचावरून फिरणारे ते उपग्रह आपल्याला पाहतच नाहीत. ते नुसते आपली वेळ आणि आपली जागा ओरडून सांगत असतात. चार-पाच उपग्रहांचे ओरडणे ऐकून फोन आपला पत्ता आपणच काढतो. त्याला गावातला मनोराही लागत नाही. त्या संध्याकाळी, त्या रानातही, ते ओरडत होतेच. फोटो काढून जागा टिपून घेणारे कुणी नव्हते, एवढेच.

आणि कोण टिपणार? केलेल्या गोष्टीचा फोटो निघतो. न केलेल्याचा कसा काढायचा? सागाला मारलेल्या मिठीचा पुरावा आहे. न उघडलेल्या दाराचा नाही. कुणी म्हणेल, मास्तर, झाले ते झाले, कदाचित मागून येणाऱ्या गाडीने घेतले असेल त्यांना. असेलही. मीही पुष्कळ दिवस त्या मागच्या गाडीवरच हवाला ठेवून होतो.

रात्री सगळी निजल्यावर मी पुतण्याला हळूच विचारले, "यात हाताने एखादं टिंब घालता येतं का रे? फोटो नसताना?"

"येतं की. कुठे घालू?"

त्याने आलापल्ली ते भामरागड एवढाच नकाशा मोठा केला. सरळ रेघेच्या बाजूला खरा रस्ता दिसू लागला, रानातून वळणे घेत गेलेला. मी चष्मा पुसून वाकून पाहू लागलो. एक वळण, दुसरे, तिसरे. कुठल्या तरी एका वळणापाशी होते ते.

"सांगा काका, कुठे?"

मी बोट पुढे केले आणि ते तसेच अधांतरी राहिले.