वेळ नाही म्हणे!

सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि कमिटीने पहिला करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट मागितलं. तू काय केलंस? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना स्टुलावर चढून माळ्यावरच्या पिशव्या उपसायला लावल्यास. मुलुंडच्या त्या घरातला तीन दिवसांचा पसारा मी डोळ्यांनी पाहिला. आणि तू कुठे होतास? अंधेरीला सीप्झमध्ये, परक्या कंपनीच्या हजारो फायली आपोआप जागच्या जागी लावत. लाज वाटत नाही?

"सर, वेळच मिळत नाही." गप्प बस. दोन वर्षं तू कुठलं ॲप चांगलं, फोल्डर किती, टॅग कोणते, याची तुलना करतोयस. तिचा तक्ताही मला हौसेने दाखवलास. तेवढ्यात चारही पिशव्या स्कॅन झाल्या असत्या. नाचता येईना त्याने अंगणाला वाकडं म्हणावं. तुला नाचता येतं रे! माझा राग त्याचाच आहे.

काम केवढं, हे तुला मी सांगायचं? स्कॅन केलेल्या पीडीएफ एका फोल्डरात टाक. ओसीआरमायपीडीएफला मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा सांग. ते पानाच्या चित्रामागे अक्षरं बसवतं. पीडीएफटूटेक्स्टने मजकूर काढ. ग्रेपने 'महावितरण', 'मालमत्ता कर' शोध. सापडलं की फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालून ज्याच्या त्याच्या फोल्डरात हलव. ओळखू न आलेलं बाजूला ठेव. हाताने लिहिलेली पावती यंत्राला वाचता येणार नाही, ती तू वाच. रोज रात्री क्रॉन हे चालवील. चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट. ऑफिसात चहा निवायच्या आत लिहितोस अशी. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ करारनामा रद्दीत घातलास, तर गाठ माझ्याशी आहे.

२६ जुलै २००५ विसरलास? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तुम्ही कलिन्याला तळमजल्यावर होता. आईने तुझं दहावीचं मार्कशीट दोरीवर चिमट्याने वाळत घातलं होतं, शाई पार फुटलेली. तेव्हा रडला होतास. ओसीआरमायपीडीएफच्या पोटात अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट त्याच २००५ साली सगळ्यांना फुकट खुलं झालं. पुढे ते मराठीही वाचायला शिकलं. तू इंजिनियर झालास, नोकरीला लागलास. कागद मात्र पिशवीतच! घर बदललं, पिशवीही सोबत आली. आता एक प्रत आरसिंकने पुण्याला बहिणीकडच्या डिस्कवरही जाऊ दे. पुराला तुझा पत्ता ठाऊक आहे.

रविवारी सकाळी नऊला मी येतोय. तो तक्ता समोर आणू नकोस. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांची पिशवी आधी खाली काढून ठेव. आणि स्टुलावर तू चढ.