भिडेखातर घेतलेलं भांडं

सुनंदाने जाड बुडाची स्टीलची भांडी विकायला घेतली तेव्हा पहिली ऑर्डर तिच्या मोठ्या जाऊबाईंनी दिली, दुसरी मावशीने आणि तिसरी समोरच्या वहिनींनी. डोंबिवली पूर्वेला तिचं घर दीड खोलीचं. तिथे चार माणसं बसली की पाचव्याने दारात उभं राहायचं. त्यामुळे प्रात्यक्षिक व्हायचं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी. पद्धत ठरलेली होती. जिच्या घरी कार्यक्रम ती यजमानीण, आणि तिने ओळखीच्या दहा-बारा जणींना बोलवायचं. सुनंदाने सगळ्यांसमोर शिजवून दाखवायचं: वरून पाणी न घालता पालकाची भाजी, चमचाभर तेलात बटाट्याच्या काचऱ्या, एकाच शेगडीवर वरण आणि भात. मग खाणं, गप्पा आणि शेवटी ऑर्डरची वही. जेवढी विक्री, त्या मानाने यजमानणीला एखादं भांडं भेट.

ही रीत अमेरिकेतून आली. तिथे अर्ल टपर यांचे प्लॅस्टिकचे डबे दुकानांत फारसे खपत नव्हते. ब्राउनी वाइज या बाईंनी ते शेजारणींच्या बैठकीत हाताळून, उलटे करून, आपटून दाखवले आणि धडाक्याने विकले. १९५१ पासून कंपनीने दुकानं सोडून सगळा भर घरगुती पार्ट्यांवर दिला. १९५४ मध्ये वाइजबाई ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकल्या. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच कंपनीने त्यांना काढून टाकलं. टपर यांची ही कंपनी, टपरवेअर, भारतात आली १९९६ मध्ये, आणि तिला इथे जमीन तयारच मिळाली. हळदीकुंकू, भिशी, मंगळागौर, डोहाळेजेवण अशा बायकांनी एकत्र जमण्याच्या जागा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. माल तेवढा नवा होता.

मला या धंद्याबद्दल आदर आहे. ज्या बाईच्या हाती ना दुकान, ना भांडवल, ना नोकरीला लागेल असं प्रमाणपत्र, तिला हातच्या चवीवर आणि बोलण्यावर चार पैसे मिळवून देणारा हा मार्ग आहे. पण घरातल्या पार्टीत एक अडचण असते आणि ती सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलून दाखवत नाही. तिथे आलेली बाई भांड्याकडे कमी आणि यजमानणीच्या चेहऱ्याकडे जास्त बघते. आपण काहीच घेतलं नाही तर हिला काय वाटेल, हा हिशोब तिच्या मनात चालू असतो.

सुनंदाला हे वर्षभराने कळलं. एका दुपारी ती जाऊबाईंकडे गेली तर तिने विकलेला पॅन माळ्यावर होता, पुन्हा खोक्यात घातलेला. “चिकटतं गं सगळं त्याला,” जाऊबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “खरं सांगू? तू आलीस की आता धास्ती वाटते. पिशवीतून काय काढशील म्हणून.”

हे लागण्यासारखंच होतं आणि सुनंदाला लागलं. एव्हाना नात्यातली यादीही संपत आली होती. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं होतं आणि उरलेल्या फोन उचलत नव्हत्या. तिला या कामात आणणाऱ्या बाईंना, म्हणजे तिच्या वरच्या फळीतल्या मॅडमना, तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी मार्ग सुचवला तो बरोबर होता: घरं सोड, हॉल घे. त्याच्या जोडीला त्यांनी दुसरीही गोष्ट शिकवली. येणाऱ्यांना स्वतःच्या घरचं अॅल्युमिनियमचं पातेलं आणायला सांग. त्यात आणि आपल्या भांड्यात पाणी व खायचा सोडा घालून उकळ. दोन्ही पाणी चाखायला दे. त्यांच्या पातेल्यातलं कडूजहर लागतं. “मग विचारायचं, हे तुम्ही मुलांना रोज पाजता का? वही आपोआप भरते.”

पहिला कार्यक्रम जवळच्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये ठरला. समितीची परवानगी, भाडं, सतरंज्या, खुर्च्या सगळं जमलं. हॉलमध्ये गॅसचं सिलिंडर आणायचं नाही ही अट होती, म्हणून सुनंदाने इंडक्शनची शेगडी नेली. ती दोन हजार वॅटची. एवढ्या शेगडीला जवळजवळ नऊ अँपियर लागतात आणि हॉलमधली सगळी बटणं पंखे-दिव्यांची, सहा अँपियरची. शेगडी मोठ्या आचेवर नेली की बोर्डावरचं बटण खाली पडून वीज जायची. वॉचमनने दोनदा बटण वर केलं, तिसऱ्यांदा तो आलाच नाही. अर्ध्या आचेवर जे शिजेल ते शिजवायचं ठरलं. तीस जणींनी यायचं कबूल केलं होतं, आल्या आठ. त्यातल्या एकीलाही सुनंदा ओळखत नव्हती.

सोड्याचा प्रयोग मात्र झाला. पाणी चाखून दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. सुनंदा पाठ केलेलं वाक्य म्हणणार तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक वयस्क बाई बोलल्या. स्टेशनजवळ त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं.

“सोड्याचं पाणी रोज कोण उकळतं हो? अॅल्युमिनियमला सोडा चालत नाही, हे माझ्याकडच्या भांडी घासणाऱ्या मुलीलाही ठाऊक आहे. आंबटही फार वेळ ठेवू नये त्यात. पण म्हणून साध्या भातात जहर होत नाही. ते जाऊ दे. तुमच्या त्या पॅनमध्ये मला थालीपीठ लावून दाखवा.”

भाजणी कुणीतरी घरून आणली. सुनंदाने हात ओला केला, गार पॅनला तेल पुसलं आणि लोखंडी तव्यावर लावतात तसं थालीपीठ थापून पॅन शेगडीवर ठेवला. उलटायची वेळ आली तेव्हा कालथा आत शिरेना. वरचा भाग निघाला, खालचा पॅनलाच राहिला. मावशीच्या घरी असं झालं असतं तर सगळ्या हसल्या असत्या आणि तो चुरा दह्याशी खाऊन संपवला असता. ऑर्डरही मिळाली असती. इथे कुणी हसलं नाही. एकेक जण पर्स उचलून उठली. वही कोरी राहिली.

पोळीभाजीवाल्या बाई तेवढ्या थांबल्या. त्यांनी पॅन हातात घेतला, बुडाची जाडी बोटाने चाचपली, वजन पाहिलं. “भांडं चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ते वापरलंय का कधी?”

सुनंदाने ते खरोखर वापरलं नव्हतं. कार्यक्रमापुरते ठरलेले तीन पदार्थ ती करत असे. घरी स्वयंपाक जुन्याच भांड्यांत चाले, कारण नमुन्याच्या संचाला ओरखडा पडू नये.

“दुपारी तीन ते पाच माझ्या चुली रिकाम्या असतात,” बाई म्हणाल्या. “या आणि शिका. भीड भिकेची बहीण असते. नातेवाइकांच्या जिवावर किती दिवस चालवणार?”

गोष्टीचा खरा भाग त्या रिकाम्या दुपारींत घडला. सुनंदा तिथे रोज एक नेहमीचा पदार्थ करू लागली. स्टीलचा पॅन आधी कोरडा तापवावा लागतो. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उडून गेला तर पॅन अजून तयार नाही. थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी पळू लागली की आच कमी करायची, तेल घालायचं आणि मग पदार्थ. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून तापल्या पॅनवर सोडायचं. एकदा टाकलं की हलवायचं नाही. खालून खमंग झालं की ते स्वतःच सुटतं. घावन, धिरडी, आंबोळ्या मात्र बिडाच्या तव्यावरच चांगल्या होतात, हेही तिला तिथेच कळलं. झाकणाखाली मंद आचेवर पालेभाजी खरंच आपल्या पाण्यात शिजते. दूध मात्र जाड बुडाच्या भांड्यातही लक्ष नसेल तर उतू जातंच.

पुढचं प्रात्यक्षिक तिने त्याच केंद्राच्या स्वयंपाकघरात ठेवलं. गॅस होता, मोरी होती, धूर जायला पंखा होता, आणि मुख्य म्हणजे ते कुणाचंच घर नव्हतं. आलेल्या बाया एकमेकींना ओळखत नव्हत्या, त्यामुळे कुणीही काहीही विचारत होतं. किंमत इतकी का? हँडल तुटलं तर? परत घेता का? सुनंदाने सोड्याचं पाणी उकळलं नाही. आधी तिने आपलं आणि कंपनीचं नाव सांगितलं, किंमत सांगितली, परतीची मुदत सांगितली. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे जे नियम आले, त्यांत विक्रेत्याने हे सगळं आधीच स्पष्ट सांगावं असं लिहिलेलंच आहे. मग तिने थालीपीठ दोनदा लावलं: एकदा गार पॅनवर आणि एकदा तापवून. पहिलं चिकटलं. का चिकटलं ते तिने दाखवलं. शेवटी ती म्हणाली, “घरात चांगला लोखंडी तवा आणि जाड कढई असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. ऑर्डर आज देऊ नका. घरी जाऊन कपाट उघडून बघा, मग फोन करा.”

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या संतापल्या. गरम आहे तोवर लोखंडावर घाव घालायचा असतो, त्यांनी सुनावलं. महिनाअखेर टार्गेट अपुरं पडलं तेव्हा त्यांनी सुचवलं की उरलेला माल स्वतःच्या नावावर उचल, पुढे विकला जाईल. सुनंदाने नकार दिला. त्यांच्याच गटातल्या एका मैत्रिणीच्या पलंगाखाली अशी न विकलेली खोकी तिने पाहिली होती, आणि त्यांचे हप्ते त्या मैत्रिणीचा नवरा फेडत होता.

त्या महिन्यात सुनंदाला चारच फोन आले. पण चौघींनी हवं तेच भांडं मागितलं आणि एकही परत आलं नाही. त्यातली एक एका कचेरीत होती. तिने जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये प्रात्यक्षिक ठेवायला बोलावलं. दुसरीने महिला मंडळाच्या सभागृहात बोलावलं. सुनंदा जाण्याआधी आता तीन गोष्टी विचारते: सोळा अँपियरचं बटण आहे का, पाणी कुठे आहे, आणि भांडी घासायची सोय आहे का. जाऊबाईंचा पॅन तिने माळ्यावरून काढायला लावला. तो परत घेते म्हणाली तर त्यांनी दिला नाही, थालीपीठ कसं लावायचं तेवढं शिकून घेतलं.

आता सोसायट्यांच्या समित्यांवर जे बसतात त्यांना एक विनंती. आपल्या हॉलमध्ये सोळा अँपियरचं एक बटण आणि एक नळ बसवून घ्या, आणि कामाच्या दिवशी दुपारी तो हॉल अशा बायकांना माफक भाड्याने द्या. बहुतेक ठिकाणी त्या वेळी तो कुलपातच असतो. ज्यांना जागा मिळत नाही त्या नाइलाजाने नातेवाइकांच्या दारात जातात. आणि तुम्हाला अशा कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर जरूर जा, पोटभर प्रश्न विचारा, तुमच्या घरी रोज होतो तो पदार्थ करून दाखवायला सांगा, आणि ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्या.