घाटाचं माप

जुन्नर-आंबेगावात जत्रांचा हंगाम आला की बैलगाड्यांच्या शर्यतीला गर्दी लोटते. गाडा घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, किती सेकंदांत चढून गेला, एवढंच तिथं बघतात. सर्वांत कमी वेळ घेईल तो 'घाटाचा राजा'. शर्यतीपुरतं हे माप चोख. पण औताचा बैल घाटात पळत नाही म्हणून त्याला कुणी अधू ठरवत नाही. एवढं शहाणपण माणसाच्या वेळी मात्र आपल्याला सुचत नाही. भरभर चालणारा, स्पष्ट बोलणारा, चटकन समजणारा तो पुरा माणूस. बाकीचे उणे, असा हिशेब मांडून आपण मोकळे होतो. त्यात दरवेळी तिरस्कारच असतो असं नाही. पुष्कळदा हा हिशेब कळवळ्याच्या तोंडानं बोलतो: 'बिचारा!'

अष्टविनायकांपैकी दोन याच जुन्नर तालुक्यात आहेत. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीकाठी, सपाटीवर. लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यात, सुमारे ३०० पायऱ्या चढून. चाकाच्या खुर्चीतला माणूस ओझरला चारचौघांसारखा भाविक असतो. लेण्याद्रीच्या पायथ्याशी तोच 'बिचारा' होतो. मधल्या प्रवासात त्याच्या पायांत काहीच बदललेलं नसतं. आणि गुडघे धरले म्हणून डोलीत बसून वर जाणाऱ्याला कुणी अपंग म्हणत नाही. त्यानं डोलीवाल्याचे खांदे भाड्यानं घेतलेले असतात. ज्याला परवडतं त्याची अडचण झाकली जाते, ज्याला परवडत नाही त्याची चारचौघांत दिसते.

सरकारी दाखल्यावर अपंगत्व टक्क्यांत लिहितात. १९९५ च्या कायद्यात त्याचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. आरक्षणासारख्या तरतुदींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. हक्क द्यायचे तर काहीतरी मोजावं लागणारच. पण दाखल्यावर पाय मोजला जातो, पायरी नाही. याचा अर्थ सगळा दोष पायरीचाच, असंही नव्हे. दुखणं खरं असतं, आणि उतार बांधल्यानं कुणाची दृष्टी परत येत नाही. मात्र दुखण्यावर अडवणुकीची भर घालायची की नाही, हे आपल्या हातात असतं.

जुन्नर-आंबेगावच्याच पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरड्याचा, म्हणजे कोवळ्या हिरड्याचा, हंगाम असतो. कुणी झाडावर चढून काढतं, कुणी खाली वेचतं, कुणी वाळवतं. ज्याला चढता येत नाही त्यालाही काम असतं. हे उदाहरण देऊन 'प्रत्येकाचा काही ना काही उपयोग असतोच' असं म्हणण्याचा मोह होतो. पण तिथंच जपायला हवं. ज्याला वेचणंही जमत नाही, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याचं काय? उपयोगावर माणसाची किंमत ठरवली की आपण पुन्हा घाटातच उभे राहतो, फक्त सेकंदांच्या जागी किलो येतात. 'अपंगत्वावर मात' अशा मथळ्यांचंही तेच. मात केली तरच कौतुक. नुसतं जगणाऱ्याला जागा नाही.

जमिनीच्या वाटणीत हिस्सा, लग्नाच्या बोलणीत शब्द, ग्रामसभेत मत यांसाठी कुणाला आधी कर्तबगारी सिद्ध करावी लागू नये. धडधाकटांना ती कुठं सिद्ध करावी लागते? तेही लहानपणी दुसऱ्याच्या कडेवर असतात आणि म्हातारपणी दुसऱ्याच्या आधारानं उठतात. मधली काही वर्षं तेवढी स्वतःच्या पायांवर जातात, आणि त्या वर्षांच्या मापानं आपण साऱ्या गावाची रचना करतो.

लेण्याद्रीचा कातळ फोडून उतार करा, असं कुणी म्हणणार नाही. ती लेणी संरक्षित वारसा आहेत. पण एखाद्या गावात नवं कार्यालय बांधताना दाराशी दोन पायऱ्या ठेवल्या, तर तो वारसाही नसतो आणि डोंगरही. त्या कुणीतरी नकाशात काढलेल्या असतात, कुणीतरी मंजूर केलेल्या असतात. कोण आत येणार आणि कोण बाहेर थांबणार, हे त्या सहीबरोबरच ठरतं.