बापाचा राग मुलात उतरतो का?



"राग आमच्या रक्तातच आहे, फादर. बाबाही तसेच होते." असे आपण अनेक घरांतून ऐकतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे भोंगे थांबले. परळ-लालबागच्या कितीतरी खोल्यांत पगाराच्या जागी चिंता आली, काहींत दारू आणि मार आला. तेव्हाची लेकरे आज स्वतः आईबाप आहेत. जे वारशाने आले, त्याचा दोष आपल्यावर का?

विज्ञानाने या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या मायकेल मीनी व सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. ज्या पिल्लांना आईने पहिल्या आठवड्यात कमी चाटले, ती मोठेपणी भित्री झाली. त्यांच्या मेंदूत तणावाला आवर घालणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा बसून ते दबले होते. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. पण तीच पिल्ले जन्मताच मायाळू आईकडे दिली, तर ती शांत निपजली. माणूस उंदीर नव्हे, तरी मायेची छाप शरीरावरही उमटते, एवढे यातून कळते.

आपला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी तुंबते. जमीन सखल आहे, हा इथल्या दुकानदारांचा गुन्हा नव्हे. पण २०२१ पासून पालिकेने मैदान-उद्यानांखाली पाणी साठवणाऱ्या टाक्या बांधल्या. भाग सखलच आहे, परंतु पाण्याला जागा मिळाली.

आपल्या स्वभावाचेही तसेच. भीती, सवय, मनावरचे घाव यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही मानतो (क्र. १७३५). कमी होऊ शकते म्हणजे नेहमीच पुसली जाते असे नव्हे. आपले दुःख वाडवडिलांच्या माथी मारणाऱ्या लोकांना यहेज्केल संदेष्ट्याने थांबवले (अध्याय १८), कारण मागे फिरण्याची वाट प्रत्येकाला खुली आहे.

म्हणून दुसऱ्याला तोलताना त्याचे बालपण आठवू या, स्वतःला तोलताना मात्र त्याचे निमित्त नको. या आठवड्यात हात उगारावासा वाटला, तर क्षणभर थांबू या. चूक झालीच, तर लेकराची क्षमा मागू या. प्रभूची कृपा अशाच लहान क्षणांतून काम करते. आपल्या मुलांना वारसा द्यायचाच, तर तो मायेचा देऊ या.