एक अवयव नसताना

शास्त्रपाठ : १ करिंथ १२:१४-२६



४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७व्या मिनिटाला भारताचा बचावपटू अमित रोहिदास यास लाल कार्ड मिळाले. उरलेला सारा सामना दहाच जण ग्रेट ब्रिटनशी झुंजले. मधल्या फळीतील मनप्रीत सिंग बचावास गेला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. त्या चारांतील एक गोल वाराणसीच्या ललित उपाध्यायचा.

उपांत्य सामन्यात मात्र बंदीमुळे रोहिदास नव्हता, आणि जर्मनीने भारताला ३-२ असे हरविले. उणीव ही उणीवच असते. ती नाकारणे म्हणजे विश्वास नव्हे. पुढे तो परतला व स्पेनला २-१ ने नमवून संघाने कांस्यपदक मिळविले.

दुखापत असो वा शिक्षा, जागा रिकामी होतेच. मंडळीतील कर्ता सेवक अंथरुणास खिळला की आपण एकतर हातपाय गाळतो, नाहीतर दुसरा नेमून त्याला विसरतो. पौलाने योजिलेला ग्रीक शब्द ‘मेलॉस’ म्हणजे हातापायासारखा अवयव, यादीतील सभासद नव्हे. सभासद बदलता येतो. अवयवाचे दुखणे सर्व देहालाच सोसावे लागते.

म्हणून आजारी बंधूचे काम आपण वाटून घेऊ या. परंतु त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवू या. त्याच्या उशाशी जाऊन त्याला तसे सांगू या. प्रभू आपणांस ही प्रीती देवो. आमेन.