देवघरातील टाक आणि वाटेवरचा भेरूजी

‘देव एकच, रूपे अनेक’ हे उत्तर आम्ही नातीला सहज दिले. ‘मग आपल्याला जेजुरीच का?’ या तिच्या प्रश्नाने मात्र आम्ही निरुत्तर झालो.

अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग आमचे पूर्वज माळव्यात आले, ते खंडोबाचा टाक घेऊन. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा बहिणी म्हणून नांदतात. पायथ्याशी राहून कुमार गंधर्वांनी कबीराची निर्गुणी भजने गायिली. सगुण-निर्गुणाचा तंटा तेथे झाला नाही.

आम्ही मात्र धार जिल्ह्यात नोकरीनिमित्त हिंडताना झाडाखालच्या शेंदूर फासलेल्या भेरूजीला ‘यांचा दगड’ समजून पुढे जात असू. आपला टाकही पत्र्यावर ठोकलेली आकृतीच, हे ध्यानी आले नाही.

आता वाटते, अनेक देव ही ईश्वराची नव्हे, माणसांच्या नात्यांची गणती आहे. कुलदैवत आईसारखे, ते निवडता येत नाही, सोडवतही नाही. पण आपल्या आईवर माया आहे म्हणून दुसऱ्याची आई परकी मानावी काय? नातीला आम्ही एवढेच सांगितले : जेजुरी आपली, भेरूजीपुढेही हात जोडावेत.